गादीचा ‘खरा’ वारस कोण?

दोनशे वर्षांत सात दत्तकविधाने पाहिलेल्या कोल्हापूरच्या गादीचा इतिहास, आणि तोच प्रश्न सोडवू पाहणारा जपान

कोल्हापूर – लोकसभेच्या २०२४ मधील निवडणुकीत कोल्हापूर मतदारसंघात जे प्रश्न गाजले, त्यांतील एक प्रश्न तीनशे वर्षांचा जुना होता. छत्रपती घराण्याचे प्रमुख शाहू छत्रपती हे काँग्रेसच्या उमेदवारीवर महाविकास आघाडीतर्फे रिंगणात उतरले होते. महायुतीच्या वतीने शिवसेनेचे तत्कालीन खासदार संजय मंडलिक त्यांच्यासमोर उभे होते. प्रचार ऐन रंगात आला असताना, एप्रिलमध्ये मंडलिक यांनी एका सभेत आताचे महाराज दत्तक आलेले आहेत, ते गादीचे खरे वारस आहेत काय, असा सवाल केला. खरी वारस कोल्हापूरची जनता आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यावरून जिल्ह्यात गदारोळ उडाला. पाठोपाठ छत्रपती राजाराम महाराजांच्या कन्या पद्माराजे यांचे पुत्र, धुळ्याचे माजी आमदार राजवर्धन कदमबांडे कोल्हापुरात आले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या रक्ताचा थेट वारसा आपल्याकडे असल्याचे त्यांनी सांगितले. ‘मान गादीला, मत मोदीला’ ही घोषणाही याच प्रचारातली.

मतमोजणीत शाहू छत्रपती दीड लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. मतदारांनी खासदार निवडला, पण वारसाच्या प्रश्नाचा निकाल मतपेटीतून लागत नसतो. तो प्रश्न प्रचाराच्या धुरळ्यात जसा उठला तसाच विरूनही गेला. वास्तविक तो गंभीरपणे तपासून पाहण्याजोगा आहे. ‘दत्तक’ या शब्दाचा उपयोग उणेपणा दाखविण्यासाठी केला जातो, तेव्हा कोल्हापूरच्या इतिहासातील किती पाने त्या शब्दावर उभी आहेत याचे विस्मरण झालेले असते. हाच प्रश्न आज जगातील सर्वांत जुन्या राजघराण्यापुढे, म्हणजे जपानच्या सम्राटांपुढे उभा आहे. तेथे त्याचे उत्तर थेट कायद्यातून शोधावे लागत आहे. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली, तर ‘खरा वारस’ या शब्दप्रयोगातील गुंतागुंत ध्यानात येते.

वादातून जन्मलेली गादी

करवीरची गादी मुळात वारसाहक्काच्या वादातून निर्माण झाली. छत्रपती राजाराम महाराजांचे १७०० मध्ये सिंहगडावर निधन झाल्यावर महाराणी ताराबाईंनी आपल्या लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून मोगलांविरुद्धचा लढा पुढे चालविला. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू कैदेतून सुटून आले आणि थोरल्या शाखेचा हक्क त्यांनी मागितला. जन्माच्या क्रमाने पाहिले तर शाहूंची बाजू बळकट होती. त्यावर ताराबाईंचे म्हणणे असे, की थोरल्या महाराजांनी मिळविलेले राज्य संभाजी महाराजांच्या काळात गेले. ते आपल्या पतीने पुन्हा उभे केले, म्हणून त्यावर हक्क आपल्या पुत्राचा. एका बाजूला जन्म, दुसऱ्या बाजूला कर्तृत्व, असा हा युक्तिवाद होता. खेडच्या लढाईत शाहूंची सरशी झाली, त्यांनी साताऱ्यास राज्याभिषेक करविला, आणि ताराबाईंनी पन्हाळ्यास १७१० मध्ये वेगळी गादी स्थापन केली.

तीही स्थिर राहिली नाही. चारच वर्षांनी, १७१४ मध्ये, राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांनी पन्हाळ्यावर सत्तांतर घडवून आणले. ताराबाई आणि त्यांचे पुत्र कैदेत गेले, राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. एप्रिल १७३१ मध्ये झालेल्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये एकमेकांना मान्य झाली. म्हणजे पहिल्या दोन दशकांतच या गादीचा वारस एकदा लढाईने, एकदा राजवाड्यातील उलथापालथीने आणि शेवटी तहाच्या कागदाने ठरला होता.

वंशाची खातरजमा किती डळमळीत असू शकते, याचा नमुना पुढे साताऱ्यात दिसला. शाहूंना पुत्र नव्हता. तेव्हा ताराबाईंनी आपला नातू रामराजा गुप्तपणे वाढविण्यात आला असल्याचे सांगितले. शाहूंनी ते मान्य केले आणि डिसेंबर १७४९ मधील त्यांच्या निधनानंतर रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसले. वर्ष सरण्यापूर्वीच ताराबाईंनी त्यांना किल्ल्यावर अटकेत टाकले आणि हा आपला नातूच नव्हे असे जाहीर केले. १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबापुढे त्यांनी तशी शपथही घेतली. ज्या आजीच्या शब्दावर वारस ठरला, तिनेच तो शब्द मागे घेतला. तरीही रामराजांचे छत्रपतीपद गेले नाही. ते १७७७ पर्यंत नामधारी का होईना, छत्रपती राहिले. पेशव्यांना आणि सरदारांना तो वारस मान्य असणे पुरेसे ठरले.

दोनशे वर्षांत सात दत्तक

कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचे डिसेंबर १७६० मध्ये निधन झाले. त्यांनाही पुत्र नव्हता. शिवछत्रपतींच्या थेट वंशातील करवीरची शाखा तेथे संपली. नानासाहेब पेशव्यांचा विचार कोल्हापूरचे राज्य साताऱ्यात विलीन करून दोन गाद्या एक करण्याचा होता. राणी जिजाबाईंनी तो हाणून पाडला. सवत राणी गरोदर असल्याचे सांगून त्यांनी जप्ती थोपविली, आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६२ मध्ये, खानवटच्या भोसले घराण्यातील मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले. आज ‘कोल्हापूरची गादी’ म्हणून जे काही शिल्लक आहे, ते या दत्तकामुळे.

या दत्तक राजाच्या वंशात तीन पिढ्या गादी चालली. त्यांचे पुत्र शंभू ऊर्फ आबासाहेब आणि शहाजी ऊर्फ बुवासाहेब, व पुढे बुवासाहेबांचे पुत्र शिवाजी ऊर्फ बाबासाहेब, असा तो क्रम होता. ऑगस्ट १८६६ मध्ये बाबासाहेबांचा अपुत्रिक अंत झाला. मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या बहिणीचा मुलगा नागोजीराव पाटणकर यास दत्तक घेऊन राजाराम हे नाव दिले होते. हे तरुण राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले आणि परत येताना ३० नोव्हेंबर रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वयाच्या विसाव्या वर्षी मरण पावले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तेथे उभी असलेली त्यांची छत्री आजही पाहावयास मिळते.

त्यांच्यामागे १८७१ मध्ये पुन्हा खानवटच्या घराण्यातून नारायणराव दत्तक आले आणि चौथे शिवाजी या नावाने गादीवर बसले. त्यांना वेड लागल्याचे ठरवून कारभार काढून घेण्यात आला. त्यांच्या छळाचा आरोप दिवाणांवर करणारा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’मध्ये आला, आणि त्यापायी टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. हे दुर्दैवी राजे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात पहारेकरी इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. पुढल्याच वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, त्यांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना दत्तक घेतले. हेच राजर्षी शाहू महाराज.

शाहू महाराजांनंतर १९२२ मध्ये त्यांचे पुत्र राजाराम महाराज गादीवर आले. पिता-पुत्र असा सरळ वारसा १८३८ नंतर तेव्हा प्रथमच मिळाला. परंतु २६ नोव्हेंबर १९४० रोजी राजाराम महाराज निधन पावले, त्यांनाही पुत्र नव्हता. महाराणी ताराबाई यांनी चावरेकर भोसले घराण्यातील प्रतापसिंह यांस दत्तक घेतले. हे बालराजे सप्टेंबर १९४६ मध्ये वारले. त्यानंतर ३१ मार्च १९४७ रोजी देवास थोरली पातीचे महाराज विक्रमसिंह पवार शहाजी छत्रपती म्हणून दत्तक आले. त्यांनी १९६२ मध्ये आपल्या कन्या शालिनीराजे यांचे पुत्र दिलीपसिंह भोसले यांना दत्तक घेतले. तेच आजचे शाहू छत्रपती.

ही बेरीज करून पाहावी. १७६२ ते १९६२ या दोनशे वर्षांत सात दत्तकविधाने झाली. पुत्राने पित्याची गादी घ्यावी, किंवा भावाने भावाची, असे प्रसंग या काळात मोजून चार आले: १८१३, १८२१, १८३८ आणि १९२२. तेव्हा करवीरच्या गादीपुरते बोलायचे झाल्यास दत्तक हाच प्रघात होता आणि औरस वारसा हा अपवाद. ‘दत्तक’ म्हणून एका राजाचा हक्क नाकारायचा, तर १७६२ पासूनच्या बहुतेक सर्वांचा नाकारावा लागेल, आणि त्यात राजर्षी शाहू महाराज पहिले येतील.

सातारा गेले, कोल्हापूर राहिले

दत्तक मान्य होणे किंवा न होणे यावर एखाद्या राज्याचे अस्तित्वच अवलंबून असे, हे कोल्हापूरकरांना साताऱ्याकडे पाहून कळले होते. साताऱ्याचे शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज एप्रिल १८४८ मध्ये मरण पावले. त्यांनी अखेरच्या घटकेस मुलगा दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने तो गादीसाठी मान्य केला नाही आणि सातारा खालसा झाले. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र पिंडदान करू शकतो, पण राज्याचा वारस होण्यास कंपनी सरकारची संमती हवी, असा हा पेच होता. नागपूर आणि झाशी ही राज्ये याच मार्गाने गेली.

कोल्हापूर वाचले ते काळाच्या योगायोगाने. बाबासाहेब महाराज १८५७ च्या उठावातून पार पडले. त्यांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना मात्र उठावातील सहभागाच्या संशयावरून कराचीस नेऊन ठेवण्यात आले आणि ते तेथेच वारले. उठावानंतर राणीच्या जाहीरनाम्याने धोरण बदलले. लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, त्यांत कोल्हापूरही होते. बाबासाहेबांचे निधन त्यानंतर चार वर्षांनी झाले. ते दहा-पंधरा वर्षे आधी झाले असते, तर साताऱ्याच्या मार्गानेच कोल्हापूरही खालसा झाले असते, असे मानावयास जागा आहे. तसे झाले असते तर १८८४ चे दत्तकविधान झाले नसते, आणि २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा तो हुकूमही निघाला नसता.

दत्तक आलेल्या या राजाला आपल्या हक्काविषयीचे प्रश्न ऐकावे लागले नाहीत असे नाही. वेदोक्त प्रकरणात वाद होता तो छत्रपतींच्या क्षत्रियत्वाचा, म्हणजे वंशाच्याच दर्जाचा. महाराजांनी त्याला उत्तर दिले ते वसतिगृहे, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचे धरण अशा कामांतून. अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या वारसाहक्काविषयीचा कायदाही त्यांनी १९२० मध्ये केला. ज्यांना समाज ‘खरे’ वारस मानीत नव्हता, त्यांची बाजू कायद्यात आणणारा राजा स्वतः दत्तक होता, ही गोष्ट आजच्या वादात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वंशावळीत न दिसणाऱ्या स्त्रिया

या सात दत्तकांची आणखी एक बाजू सहसा चर्चेत येत नाही. वंशावळीच्या तक्त्यावर पुरुषाच्या नावाखाली पुरुषाचे नाव येते. प्रत्यक्षात सातपैकी पाच दत्तके विधवा राण्यांनी घेतली होती. १७६२ चे जिजाबाईंनी, १८७१ चे राजाराम महाराजांच्या राणीने, १८८४ चे आनंदीबाईंनी, आणि १९४० नंतरची दोन्ही महाराणी ताराबाईंनी. यामागे येथील धर्मशास्त्राची परंपरा आहे. बंगालमध्ये विधवेला दत्तक घेण्यासाठी पतीची स्पष्ट अनुज्ञा लागे. मद्रासकडे ती नसल्यास भाऊबंदांची संमती लागे. पश्चिम भारतात ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाला प्रमाण मानीत, आणि तेथे पतीने मनाई केलेली नसेल तर विधवेला स्वतःच्या निर्णयाने दत्तक घेता येत असे. संस्थानात त्यावर सरकारच्या मंजुरीचा शिक्का लागे हे खरे, पण मुलगा मांडीवर घेणारी राणीच असे.

दुसरी गोष्ट अशी, की सातपैकी तीन दत्तक स्त्रीच्या बाजूने आले आहेत. १८६६ चे राजाराम महाराज हे बाबासाहेबांच्या बहिणीचे पुत्र. १९४७ चे शहाजी महाराज हे राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांचे पुत्र. आणि १९६२ मध्ये दत्तक आलेले शाहू छत्रपती हे शहाजी महाराजांच्या कन्येचे पुत्र. द्विजांनी बहिणीचा वा मुलीचा मुलगा दत्तक घेऊ नये, असे एक प्रबळ मत दत्तकविषयक ग्रंथांत आहे. राजघराण्याने ते बाजूस ठेवले, कारण भाऊबंदांतील दूरच्या मुलापेक्षा मुलीच्या पोटचा नातू अधिक जवळचा वाटणे स्वाभाविक आहे.

२०२४ मधील वाद या तपशिलात ठेवून पाहिला तर तो निराळाच दिसतो. शाहू छत्रपती हे दत्तक असले, तरी राजर्षी शाहू महाराज, कन्या आक्कासाहेब, नातू शहाजी महाराज, पणती शालिनीराजे, आणि त्यांचे पुत्र, अशी त्यांची रक्ताची साखळी जुळते. तिच्यात दोन कड्या स्त्रियांच्या आहेत. कदमबांडे यांची साखळी राजर्षी शाहू महाराज, पुत्र राजाराम महाराज, नात पद्माराजे, आणि त्यांचे पुत्र, अशी आहे. तिच्यात एक कडी स्त्रीची आहे. म्हणजे ‘रक्ताचा वारस’ म्हणून जो दावा झाला आणि ‘दत्तक’ म्हणून ज्यांच्याविरुद्ध तो झाला, ते दोघेही त्याच राजाचे वंशज आहेत, आणि दोघांचेही नाते मुलींच्या द्वारे येते. १९६२ मध्येही कोल्हापुरात दत्तकाला विरोध झाला, तेव्हा राजाराम महाराजांच्या कन्येच्या वंशाला डावलले जात आहे, हाच आक्षेपाचा गाभा होता.

जपानपुढील पेच

मुलीच्या वाटेने आलेला वारसा ग्राह्य धरायचा की नाही, हा प्रश्न आज जपानच्या संसदेला सोडवायचा आहे. तेथील विद्यमान सम्राट नारुहितो हे परंपरेने १२६ वे मानले जातात. पहिले सम्राट जिम्मू यांचा काळ इसवी सनापूर्वी ६६० असा सांगितला जातो. तथापि ही माहिती ज्या ग्रंथांतून येते, ते ‘कोजिकी’ आणि ‘निहोन शोकी’ अनुक्रमे ७१२ आणि ७२० मध्ये सिद्ध झाले. दुसऱ्या ते नवव्या सम्राटांविषयी त्यांत वंशावळीपलीकडे जवळजवळ काही नाही. सहाव्या शतकातील २९ वे सम्राट किम्मेई यांच्यापासून कालक्रम बराचसा विश्वसनीय होतो, असे इतिहासकार मानतात. आपल्याकडील बखरींप्रमाणेच हे ग्रंथही राजसत्तेच्या गरजेतून लिहिले गेले. वंश अखंड आहे असे सांगणे ही ती गरज होती.

या अखंड वंशातही कोल्हापूरसारखे प्रसंग आले आहेत. २५ वे सम्राट बुरेत्सु निपुत्रिक वारले, तेव्हा पाच पिढ्यांपूर्वीच्या सम्राटाचा वंशज म्हणून केइताई यांना दूरच्या एचिझेन प्रांतातून आणून गादीवर बसविण्यात आले. ‘निहोन शोकी’प्रमाणे यामातो या राजधानीच्या प्रदेशात पाऊल ठेवावयास त्यांना सुमारे वीस वर्षे लागली. त्यांचा हक्क दृढ झाला तो बुरेत्सु यांच्या बहिणीशी झालेल्या विवाहाने. या राणीचे पुत्र म्हणजेच किम्मेई. पुढे १७७९ मध्ये गो-मोमोझोनो हे सम्राट पुत्राविना मरण पावले. तेव्हा दूरच्या शाखेतील, मठात जाण्यासाठी नेमलेला आठ वर्षांचा मुलगा घाईने दत्तक घेऊन कोकाकु या नावाने सम्राट करण्यात आला. आजचे सम्राट त्यांचेच थेट वंशज आहेत. खानवटच्या मुलाला जिजाबाईंनी मांडीवर घेतले, त्यानंतर सतराच वर्षांनी हे घडले.

स्त्रियाही तेथे सिंहासनावर बसल्या आहेत. सुइको यांच्यापासून गो-साकुरामाची यांच्यापर्यंत आठ स्त्रियांनी दहा वेळा सम्राटपद भूषविले. ७१५ मध्ये तर गेन्मेई यांच्याकडून ते त्यांच्या कन्या गेन्शो यांच्याकडे गेले. मात्र या सर्व स्त्रिया पित्याच्या बाजूने राजवंशातीलच होत्या, हा मुद्दा तेथील परंपरावादी आग्रहाने मांडतात.

आधुनिक कायद्याने या दोन्ही वाटा बंद केल्या. १८८९ च्या आणि पुढे १९४७ च्या राजघराणे कायद्यांनी गादी पुरुषांच्या शाखेतील पुरुषांपुरती मर्यादित केली आणि राजघराण्यास दत्तक घेण्यास मनाई केली. युद्धानंतर, १९४७ मध्येच, अकरा उपशाखांना राजघराण्यातून वगळण्यात आले. विवाह केलेल्या राजकन्येस घराण्याबाहेर जावे लागे. परिणामी वारसांची संख्या घटत गेली. नारुहितो यांना आइको ही एकच कन्या. २००५ मध्ये तज्ज्ञ समितीने ज्येष्ठ अपत्य, मग ते मुलगा असो वा मुलगी, वारस व्हावे अशी शिफारस केली. पण २००६ मध्ये सम्राटांच्या बंधूंना हिसाहितो हा पुत्र झाला आणि ती शिफारस मागे पडली. हिसाहितो यांचा सज्ञान झाल्याचा सोहळा सप्टेंबर २०२५ मध्ये पार पडला. घराण्यातील पुरुषाचा असा सोहळा चाळीस वर्षांत प्रथमच झाला, यावरून अडचण किती आहे हे कळते.

२०२१ च्या अखेरीस दुसऱ्या एका समितीने दोन उपाय पुढे ठेवले. राजकन्यांना विवाहानंतरही घराण्यात राहू द्यावे, हा एक. १९४७ मध्ये वगळलेल्या शाखांतील पुरुषांना दत्तक घेण्यास परवानगी द्यावी, हा दुसरा. मुलीला वारस करावयाचे की दूरच्या भाऊबंदाला दत्तक घ्यावयाचे, असा हा कौल आहे. कोल्हापूरने वेळोवेळी दोन्ही उत्तरे दिली आहेत: भाऊबंद दत्तक घेतले आणि मुलींची मुलेही. फक्त स्वतः मुलीचा हक्क मात्र येथेही कधी विचारात आला नाही.

मानाचा वारसा

दोन्हीकडील परिस्थितीत एक मूलभूत फरक आहे. जपानमध्ये सम्राट हे घटनात्मक पद आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने राजेपदाची सरकारी मान्यता व तनखे संपले. गादीचा वारस हा प्रश्न आता राज्याचा राहिलेला नाही. खाजगी मालमत्तेपुरता तो न्यायालयाचा आहे. उरतो तो मान. दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या वेळी मेबॅक मोटारीतून छत्रपती येतात आणि शमीपूजन होते, तेव्हा सोने लुटावयास आलेली गर्दी जो देते, तो हा मान. तो मतांत हमखास उतरतो असेही नाही. २००९ मध्ये याच घराण्यातील संभाजीराजे छत्रपती राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे लोकसभेला उभे होते, आणि अपक्ष सदाशिवराव मंडलिक यांनी त्यांचा पराभव केला होता. मतदाराने मान आणि मत यांची गल्लत केलेली नाही, हे त्या निकालातही दिसले आणि २०२४ मध्येही.

म्हणूनच उमेदवार कोणत्याही घराण्याचा असो, त्याला त्याच्या कामाविषयी प्रश्न विचारावेत. राजघराण्यातील उमेदवाराला तर अधिकच. त्याऐवजी जन्मदाखला मागितला जातो, तेव्हा नुकसान त्या उमेदवारापुरते राहत नाही. दत्तक घेतलेले मूल हे कमी प्रतीचे वारस, अशी समजूत त्यातून घराघरांत पोसली जाते. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने ती केव्हाच रद्द केली आहे. त्या कायद्याप्रमाणे दत्तक मुलाचे स्थान सर्व दृष्टींनी पोटच्या मुलाचे असते. स्त्रीला स्वतःच्या नावे दत्तक घेता येते, आणि मुलगीही दत्तक घेता येते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि तो तिला जन्मानेच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. करवीर तालुक्यातील शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आज मुलीचे नाव लागते.

राजाराम महाराज १९४० मध्ये गेले तेव्हा त्यांची कन्या पद्माराजे हयात होती. तिचा विचार गादीसाठी व्हावा, हे त्या काळच्या रूढीत बसणारे नव्हते. म्हणून दत्तकाचा शोध सुरू झाला, तो बावीस वर्षे चालला, आणि त्यातून उठलेला वाद २०२४ च्या प्रचारसभेपर्यंत पोहोचला. जी गादी ताराबाईंनी स्थापन केली आणि जिजाबाईंनी राखली, तिच्यावर मुलगी बसू शकत नव्हती. खऱ्या-खोट्या वारसाची चर्चा पुन्हा निघालीच, तर तिची सुरुवात येथून व्हावी.